लिलावराजा, आणि वर एक

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा हल्ली वाकायचं नाव घेत नाही, त्यामुळे आठ अंगांपैकी सातांचाच नमस्कार पोस्टाने पाठवतो आहे. उरलेल्या एका अंगाचा समक्ष घालीन. त्या वेळी मला उठवायला कुणीतरी जवळ असू दे.)

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करतो. गोळ्या वेळेवर घेतेस ना? "घेते" असं तू कळवशील आणि भाची फोनवर "कुठलं काय" म्हणेल, तेव्हा तो प्रश्न सोडून देऊ. तुझ्या वरच्या मजल्यावर बाजा शिकणारे गृहस्थ होते, ते अजून शिकतच आहेत का, की एकदाचे शिकले? इकडे सर्व क्षेम आहे. तुझी भावजय ठणठणीत आहे आणि मी कुरकुरतो आहे, म्हणजे दोघंही नेहमीसारखीच आहोत.

पाकीट जाड बघून तू दचकली असशील. दचकण्यासारखंच आहे, कारण गेली कित्येक वर्षं आपली पत्रं अर्ध्या पानात आटपतात. इकडे ऊन आहे, तिकडे पाऊस आहे, तब्येतीला जप, बाबांच्या वस्तू सांभाळ, कळावे. एवढ्याशा मजकुरावर शिक्का मारायला पोस्टमास्तरालाही लाज वाटत असेल. आज मात्र मला एक भलतीच फजिती सांगायची आहे आणि ती ऐकून घेईल असं माणूस माझ्याकडे दुसरं नाही. तेव्हा चहा करून घे, चष्मा लाव (मी केलेला लाव, तो बाजारातला तयार नको, त्याने तुझं डोकं चढतं आणि मग तू माझ्या अक्षराला नावं ठेवतेस) आणि निवांत बस.

झालं असं, की मी चष्म्यांचं दुकान बंद केलं तरी लोकांनी चष्म्यांवर बसायचं बंद केलेलं नाही. रोज कुणीतरी वाकडा चष्मा घेऊन घरी येतो आणि मी जेवणाच्या टेबलावर फडकं पसरून तो सरळ करतो. (तुझी भावजय म्हणते, माणसं निवृत्त झाल्यावर दुकान घरी आणत नाहीत. मी म्हणतो, मी आणलं नाही, ते माझ्यामागे आलं.) तर त्यांतलाच एक जुन्या नाण्यांचा व्यापारी. त्याला आम्ही दुर्बीण म्हणतो, कारण डोळ्याला भिंग लावल्याशिवाय तो काहीच बघत नाही; एकदा त्याने आमच्याकडच्या चहाची साय भिंगातून तपासली होती. तो पंधरा दिवसांपूर्वी काडी निखळलेला चष्मा घेऊन आला, आणि मी स्क्रू बसवत असताना आपला बडबडत होता, की फर्निचरच्या दुकानावरच्या लिलावघरात येत्या आठवड्यात एक रोमन नाणं निघतंय. चांदीचं आहे, डिडियस ज्युलियानसचं आहे, तसं दुर्मीळ आहे, पण कुणा गाढवाने मागच्या बाजूला भांडी जोडायच्या डाखाचा भलामोठा थेंब ओतून त्याचं पार वाटोळं केलंय. ताई, तो बारका स्क्रू माझ्या चिमट्यात होता. तो पडला. टेबलाखाली, चटईखाली, मांजराखाली सगळीकडे शोधला, अजून सापडलेला नाही. दुर्बीण त्या दिवशी एका काडीच्या चष्म्याने घरी गेला आणि जाताना पायरी चुकला.

आता पुढचं तुला सांगायला नको, कारण तुला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही. म्हातारपणी माणसाची गाडी आधी मागे जाते आणि मगच पुढे येते, तसं समज. बाबा तराजू दुरुस्त करायचे. काखेत ती लाकडी वजनपेटी, अंगात तो तपकिरी कोट (वरून दुसरं बटण सारखं गायब, आई म्हणायची की हे तराजूच्या साखळीत कोट अडकवून घेतात), आणि दुकानामागून दुकान. दुकानदारांची बारकी वजनं हरवायची, मग ते त्यांच्या जागी वाटेल ते ठेवायचे: नट, गोट्या, मोडकी किल्ली, कुणीतरी तर आजोबांचा सोन्याचा म्हणून जपलेला आणि पितळेचा निघालेला दात ठेवला होता. बाबा त्यांना खरं वजन द्यायचे आणि खोटं स्वतः घेऊन यायचे, कारण खोटं वजन दुकानात मागे ठेवायचं नाही हा त्यांचा नियम होता. त्यामुळे आपल्या घरात एक अख्खा खण खोट्या वजनांचा होता, आणि आपण दोघं त्या खणाचे राजपुत्र आणि राजकन्या होतो.

त्या खणात एक दिवस तो दाढीवाला आला. औषधांच्या दुकानातून. त्या औषधवाल्याचं एक वजन हरवलं होतं, त्याला घरात ही चांदीची चकती सापडली, ती जरा हलकी भरली, म्हणून पठ्ठ्याने मागून डाखाचा थेंब देऊन ती बरोबर वजनाला आणली आणि वर्षानुवर्षं त्यावर खोकल्याची पूड तोलली. बाबांनी ती खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात धरली, तेव्हा दाढी दिसली, मग पानांचा मुकुट दिसला, मग कडेची अक्षरं. तू ती अक्षरं कागदावर उतरवून वाचनालयात घेऊन गेलीस आणि तिथल्या बाईंच्या मागे अशी हात धुऊन लागलीस, की शेवटी त्यांनी कुलपातलं जाड पुस्तक तुझ्यापुढे आदळलं. संध्याकाळी तू पळत घरी आलीस तेव्हा तुझी एक चप्पल वाटेतच राहिली होती. तू दारातूनच सांगितलंस की हा राजा लिलावात झालेला राजा आहे. त्या दिवसापासून आपल्या घरात त्याचं खरं नाव कुणी घेतलं नाही. तो लिलावराजा.

काय गोष्ट होती ती. अजूनही कुठे लिलाव म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा रोम उभं राहतं. आदल्या राजाने शिस्त लावायला घेतली, ती त्याच्याच पहारेकऱ्यांना सोसली नाही, त्यांनी त्याला मारलं आणि छावणीच्या तटावर चढून जाहीर केलं की राज्य विकणे आहे. छावणीच्या आत मेलेल्या राजाचा सासरा. (जावयाचं रक्त वाळायच्या आत बोली लावत होता. आमच्या सासऱ्यांबद्दल मी कधी तक्रार केली असेल तर ती मागे घेतो.) बाहेर दरवाजाशी आपला हा ज्युलियानस. तो म्हणे घरी निवांत जेवत होता. बायको आणि मुलगी म्हणाल्या, अहो जा की, लिलाव आहे, घेऊन या, आणि हा कोथिंबीर आणायला निघाल्यासारखा निघाला. आतला काय बोलला ते बाहेर सांगायला एक शिपाई, बाहेरचा काय बोलला ते आत सांगायला दुसरा. सासरा थोडं थोडं चढवत होता. याने एकदम मोठी उडी मारली, ओरडून सांगितली आणि वर बोटांनीही दाखवली, न जाणो कुणाला ऐकू आलं नाही तर. राज्य मिळालं. दोन महिने टिकलं, आणि काही दिवस. मग दुसरा सेनापती फौज घेऊन आला आणि याला मारायला शिपाई महालात शिरला, तेव्हा हा म्हणाला म्हणे की मी कुणाचं काय वाईट केलं, मी कुणाला मारलं? तुला आठवतं, बाबा हे वाक्य सांगताना दर वेळी थांबायचे आणि पेटीचं झाकण विनाकारण उघडून मिटायचे. मला ते वाक्य तेव्हा विनोदी वाटायचं. आता वाटत नाही.

आणि खरा विनोद तर पुढे होता. या लिलावराजाने आपल्या नाण्यांतली चांदी आधीच्या राजापेक्षा कमी केली होती. बाबा म्हणायचे, अठराशे वर्षांत या माणसाचं माप भरून देणारा एकच भेटला आणि तो खोकल्याचं औषध विकत होता. नाण्याच्या मागच्या बाजूला देवी होती, ती सैनिकांच्या एकोप्याची. ज्यांच्याकडून राज्य विकत घ्यावं लागलं त्यांच्या एकोप्याची. डाखाचा थेंब नेमका तिच्या पोटावर पडला होता, त्यामुळे आपल्याकडे एकोपा होता तो कायम पोट सुटलेला होता.

मग सुरू झाले आपले लिलाव. सुटीच्या दिवशी दुपारी जेवणं झाली की बाबा स्टुलावर उभे राहायचे. ते स्टूल म्हणजे छावणीचा तट. मी टेबलाखाली, म्हणजे छावणीच्या आत; मी सासरा. (लहानपणभर सासरा झालो, त्यामुळे पुढे खरा सासरा झालो तेव्हा काही नवीन वाटलं नाही.) तू दाराशी, खुंटीखाली, तू ज्युलियानस. आई आपला बटणांचा डबा काढून दोघांना सारखी बटणं मोजून द्यायची. जिंकेल तो आठवडाभर राजा: नाणं त्याच्या उशाखाली आणि भांडी दुसऱ्याने घासायची. मी सुरुवातीपासून धडाधड बोली लावायचो. तू गप्प. पाय हलवत उभी. बाबांनी पितळी वजन उचललं, एकवार म्हटलं, दोनवार म्हटलं, की माझी सगळी बटणं संपलेली असायची आणि दारातून शांतपणे आवाज यायचा, "तेवढीच, आणि वर एक." वजन खाली. तू राजा. मी भांड्यांपाशी. आई सारखीच वाटायची, तरी तुझं एक नेहमी वर कसं, हे मी कधी विचारलं नाही. विचारण्याइतपत श्वास भांडी घासून उरायचाच नाही.

आठवडा संपला की राजाने गादी सोडायची, हा नियम. वजनपेटीत मखमलीच्या खाचा होत्या, त्यांतल्या एका खाचेतलं वजन बाबांच्याच हातून कधीतरी हरवलं होतं. लिलावराजा तिथे अगदी फिट बसायचा. म्हणून पुढचा लिलाव होईपर्यंत तो तिथे. तो खणातल्या खोट्या वजनांत कधीच राहिला नाही, तो खऱ्यांच्या पंक्तीला बसला. हे लक्षात ठेव, कारण सगळा घोटाळा इथेच आहे.

बाबा गेल्यावर आपण दोघांनी तो खण उघडला; पेटी केव्हाच घराबाहेर गेली होती, तेव्हा राजा खणातच असणार असं आपण धरून चाललो. नट होते, गोट्या होत्या, दातसुद्धा होता. लिलावराजा नव्हता. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे बघितलं. ताई, आता आपण दोघंही अशा वयाला आलो आहोत की आडून बोलायला वेळ नाही, तेव्हा लिहूनच टाकतो. मला वाटलं तू नेलंस. तुला वाटलं मी ठेवलं. (नाही म्हणू नकोस. "बाबांच्या वस्तू सांभाळ" असं दर पत्रात लिहायचीस, ते काय दातासाठी?) विचारलं असतं तर आळ घेतल्यासारखं झालं असतं, म्हणून आपण विचारलं नाही, आणि दुसऱ्याने विचारलं नाही म्हणून आपापली खात्री पक्की होत गेली. मग पत्रं आखूड झाली. मग ऊन आणि पाऊस सुरू झाला. मला कित्येकदा वाटायचं, नेलं तर नेलं, पण निदान एकदा दाखवायचं तरी. तुलाही अगदी हेच वाटत असणार.

तर दुर्बीण पायरी चुकून गेल्यावर मी दुसऱ्या दिवशी लिलावाचा माल बघायला गेलो. जिन्यात पॉलिशचा वास, वर एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेले आरसे, आणि काचेच्या कपाटात, शोकेसमधल्या बाहुलीसारखी, बाबांची वजनपेटी. कोपऱ्याला तोच चटका, बाबांनी त्यावर इस्त्री ठेवली होती तो. पेटी उघडी, वजनं आपापल्या जागी, आणि त्या एका खाचेत दाढीवाला. बाबांच्या जागी कामाला लागलेला तो माणूस तुला आठवतो का, ज्याला आपण शिट्टी म्हणायचो? काम करताना सतत शीळ घालायचा आणि सूर कधीच लागायचा नाही? बाबांनी काम सोडलं तेव्हा पेटी त्याला दिली. जशीच्या तशी दिली. राजा आत. विसरून दिली की जाणूनबुजून दिली, ते आता कुणाला विचारायचं? मुळात आपण सगळ्यांनी त्या नाण्याला इतकी वर्षं वजनांत ठेवलं होतं, की वजनं देताना ते वेगळं काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नसेल. शिट्टी गेला, आता त्याची मुलगी नाणं विकत होती. पेटी नाही, पेटी माझ्या वडलांची आहे, ती फक्त दाखवायला ठेवली, असं तिने मला बजावलं. मी मान डोलावली. म्हटलं, बरोबर आहे, वडलांची पेटी कुणी विकू नये.

तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. ते तुझ्याकडे नव्हतं. ताई, ते तुझ्याकडे कधीच नव्हतं. मला इतकं बरं वाटलं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं, की नक्की काय करावं ते सुचेना, म्हणून मी काचेला नाक लावून उभा राहिलो. शेवटी तिथली मुलगी फडकं घेऊन आली आणि जरा बाजूला व्हाल का, काचेवर वाफ धरतेय म्हणाली.

लिलावाच्या दिवशी तुझ्या भावजयीने मला लग्नाला निघाल्यासारखं तयार केलं. बूट नवे होते आणि खोलीत शिरताच असे काही करकरले, की लोकांनी मला रस्ता दिला. निघताना तिने तीनतीनदा बजावलं होतं, हात वर करायचा नाही, कान खाजवायचा नाही, ओळखीचं कुणी दिसलं तरी मान हलवायची नाही. मी सगळं तंतोतंत पाळलं. पण माझ्यापुढे एक धिप्पाड गृहस्थ येऊन उभे राहिले आणि मला पुढचं काही दिसेना, म्हणून मी त्यांना बोलीसाठी हातात दिलेल्या नंबराच्या पाटीनेच जरा सरका अशी खूण केली. ते सरकले, लिलाव पुकारणाऱ्या बाईंनी हातोडी आपटली, आणि मी एका पिशवीचा मालक झालो. त्या पिशवीत न ओळखलेली, न धुतलेली, उत्तरकाळातली रोमन तांब्याची नाणी आहेत, मातीसकट. मातीच जास्त. दुर्बीण मागून कुजबुजला की अभिनंदन, पिशवी तरी चांगली आहे.

मग आपलं नाणं आलं. डाखामुळे सुरुवातीची बोली अगदी बेताची होती, आणि मला वाटलं, आलाच घरी लिलावराजा. दुर्बिणीने एकदा पाटी वर केली, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ती मांडीखाली घातली. (त्याच्या चष्म्याची दुसरी काडी अजून माझ्याच हातात आहे हे त्याला आठवलं असावं.) आता खोलीत माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. बाई एकवार म्हणाल्या. दोनवार म्हणाल्या. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर फोन कानाला लावून बसलेला कारकून उठून उभा राहिला. फोनवरचं गिऱ्हाईक. मी चढवली. बाई एकवार, दोनवार, आणि पुन्हा तो उभा. प्रत्येक वेळी अगदी शेवटच्या क्षणाला. हा कोण हलकट, ज्याला दोनवार म्हणेपर्यंत जाग येत नाही? मी माझा ठरवलेला आकडा ओलांडला, मग तुझ्या भावजयीने ठरवलेला ओलांडला, मग तिला कधीच न सांगता येण्यासारखा आकडा उच्चारला. बाईंनी हातोडी उचलली. एकवार. दोनवार. कारकुनाने फोनमध्ये ऐकलं, पुन्हा विचारलं, त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि तो चाचरत म्हणाला, "तेवढेच, आणि वर एक."

खोली हसली. बाई म्हणाल्या की असं चालत नाही, बोली ठरल्या टप्प्यानेच वाढते. कारकुनाने ते फोनमध्ये सांगितलं, बराच वेळ ऐकून घेतलं, आणि मग सांगितलं की त्या ऐकायला तयार नाहीत, त्या म्हणतात वर एकच. बाईंनी सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे बघितलं. मी आणखी एकदा पाटी वर केली. पुन्हा तेच: तेवढेच, आणि वर एक. आणि नेमकी त्याच वेळी माझ्या पाठीत अशी काही उसण भरली की हात वर होईना. हातोडी पडली. गेला लिलावराजा.

अशी ही फजिती. कोण कुठली ती बाई, कुठे घेऊन गेली, तिला त्या डाखाच्या थेंबाचं मोल काय कळणार, देव जाणे. इतकी हट्टी, इतकी चिकट, इतकी शेवटच्या क्षणी टपकणारी बाई मी उभ्या जन्मात दुसरी पाहिली नाही. घरी आलो तेव्हा तुझ्या भावजयीने पिशवीत डोकावून विचारलं की माती विकत घ्यायला एवढे नवे बूट कशाला घातले. मी पिशवी बाल्कनीत ठेवली. मांजर तिच्यावर बसलं आहे. एकूण मी हरलो, आणि हरलो हे तुला कळवावं म्हणून हा पत्रप्रपंच. प्रकृतीस जप. भाचीला आशीर्वाद. बाबांच्या वस्तू सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. – पाठीत उसणबिसण काही भरली नव्हती. पहिल्याच "वर एक"ला मी तुला ओळखलं. त्या क्षणी मला कळलं, की तूही इतकी वर्षं तेच शोधत होतीस, म्हणजे तुझ्या मनातलाही माझ्यावरचा संशय आता फिटला असणार. (भाचीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, आई रोज मोबाईलवर लिलावांची पानं बघते आणि औषधांची वेळ चुकवते. आता तरी घे त्या गोळ्या.) खोलीत तुझ्याविरुद्ध बोली लावणारा हलकट कोण, असं तूही म्हणत असशील. तो मी.

ता. क. २ – तुला ओळखल्यावरही मी एक बोली चढवली, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ती नाण्यासाठी नव्हती. मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं. त्यापायी तुला जो भुर्दंड पडला असेल तो मातीच्या पिशवीतून वळता करून घे. अर्धी पिशवी तुझी. ती नाणी पाण्यात भिजवून जुन्या दातघासणीने साफ करावी लागतात आणि ते एकट्याचं काम नाही. तेव्हा आठ-पंधरा दिवस सवडीने ये. खालची खोली रिकामीच आहे, वर बाजा वाजवणारं कुणी नाही. नाणं आणलंस तर बघेन, नाही आणलंस तरी चालेल. ते तू जिंकलंस, ते तुझंच.

ता. क. ३ – बाबांचा तपकिरी कोट माझ्याकडे आहे. तो मी न विचारता आणला होता, आणि तूही कधी विचारलं नाहीस. वरून दुसरं बटण अजून नाही. आई शेवटपर्यंत तराजूच्या साखळीला बोल लावत राहिली. ताई, मी टेबलाखाली बसलेलो असायचो. टेबलाखालून दाराजवळची खुंटी सरळ दिसते, खुंटीवरचा कोट दिसतो, आणि आईची कात्री घेऊन टाचा उंचावून उभी असलेली तूही दिसतेस. स्टुलावरून बाबांनाही दिसत होतं, म्हणून ते दोनवार म्हणायला इतका वेळ लावायचे. आणि आईला ते बटण दर वेळी डब्यात सापडायचं, ती ते निमूट परत शिवायची. घरात न कळणारं कुणी नव्हतं. शेवटच्या लिलावानंतर मात्र ते शिवायचं राहून गेलं, म्हणजे ते डब्यातच असणार, आणि डबा तुझ्याकडे आहे. चार भोकांचं, तपकिरी, कडेला जरासं उडालेलं. तेवढं घेऊन ये. मी सुईत दोरा ओवून ठेवला आहे.